स्कुटी सुरू होत नाही? कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडा

विदर्भातल्या खेड्यांत बिनगिअरची कोणतीही गाडी म्हणजे स्कुटीच. ॲक्टिव्हा असो, ज्युपिटर असो, ॲक्सेस असो की जुनी पेप. ती सकाळी सुरू झाली नाही की भोवती जमलेल्यांतून पहिलं वाक्य ठरलेलं येतं, “कार्बोरेटरमध्ये कचरा आला असंन.” मग पेचकस येतो, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला जातो, एखादा बारका स्क्रू मातीत हरवतो आणि मूळ बिघाड निघतो ब्रेकच्या स्विचमध्ये, नाहीतर सैल झालेल्या स्पार्क प्लगच्या टोपीत. शिवाय २०२० नंतर घेतलेल्या गाडीत बहुतेक कार्बोरेटर नसतोच.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. ज्याला पाना लागत नाही ते आधी, प्लग त्यानंतर, मग पेट्रोलची वाट, आणि कार्बोरेटर शेवटी. इंजिनला चालायला तीन गोष्टी पुरतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, वेळेवर ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये दाब. सुरू न होणारी गाडी यातली एक गोष्ट गमावून बसलेली असते. कोणती, ते शोधायचं. तीनही एकदम खोलायच्या नाहीत.

तुमची गाडी कोणती आहे

देशात १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक स्कूटर कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्यावर, आल्या. ओळखायला सोपं आहे. चाबी चालू केली की मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, आणि टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक “हुंऽऽ” असा आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा आवाज. असा दिवा आणि आवाज असेल तर गाडी इंजेक्शनची. दोन्ही नसतील आणि गाडी जुनी असेल तर कार्बोरेटरची. पुढची निम्मी तपासणी या एका गोष्टीवर ठरते, म्हणून हे आधी पक्कं करून घ्या.

पाना हातात घेण्याआधी

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी करा. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा आणि पेट्रोल डुचमळल्याचा आवाज ऐका. मीटरच्या काट्यावर विसंबू नका; टाकीतला तरंगता गोळा अडकला की काटा अर्ध्यावरच थांबून राहतो. गाडी साइड स्टँडवर तिरपी उभी असेल आणि पेट्रोल तळाशी असेल, तर थोडं पेट्रोल असूनही ते तोटीपर्यंत पोचत नाही.

इंजिन बंद करायचा लाल स्विच असेल तर तो चालू बाजूला आहे ना ते बघा. मुलं खेळता खेळता दाबून ठेवतात. काही नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. स्टँडच्या सांध्यात काळ्या मातीचा गारा वाळून बसला असेल, तर स्टँड वर दिसतो पण स्विच दाबला गेलेला नसतो. गारा खरवडून, पाण्याने धुऊन स्टँड तीन-चार वेळा वरखाली करा.

आता ब्रेक दाबून सेल (गाडी सुरू करायचं बटण) मारा. ब्रेक दाबल्याशिवाय सेल लागत नाही, ही सोय सुरक्षिततेसाठी असते. ब्रेकच्या मुठीजवळचा बारका स्विच धुळीने किंवा पाण्याने बिघडला की गाडीत बाकी सगळं ठीक असूनही सेल मुकी होते. मागचा लाल दिवा बघायला कोणाला तरी सांगा. ब्रेक दाबल्यावर दिवा लागत नसेल तर आधी दुसऱ्या हाताचा ब्रेक दाबून सेल मारून बघा, आणि किक मारून बघा. किकने सुरू झाली म्हणजे इंजिन शाबूत आहे. दुरुस्ती फक्त स्विचची.

इंजेक्शनच्या गाडीला सुरू करताना ॲक्सिलेटर पिळू नका. चाबी चालू करा, पंपाचा आवाज थांबू द्या, मग सेल मारा. किती पेट्रोल सोडायचं हे गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो; सुरू करताना मूठ पिळून त्याचा हिशेब चुकवण्यात काही फायदा नसतो. कार्बोरेटरच्या थंड गाडीला चोक ओढा, मूठ बंद ठेवा आणि किक सावकाश पण पूर्ण खालपर्यंत मारा. अर्ध्या अर्ध्या वीस किकांपेक्षा पूर्ण चार किका बऱ्या. इंजिनाने पकड घेतली की अर्ध्या-एक मिनिटात चोक परत ढकला.

सेल एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. एकसारखी दाबून धरली तर बॅटरी बसते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

आणि एक, गाडी ढकलून सुरू करायचा प्रयत्न कोणी करू नये. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलली की चालू होते, कारण चाक आणि इंजिन गिअरने जोडलेलं असतं. स्कुटीत मधे सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. तो इंजिनाच्या वेगाने बाहेर फाकतो तेव्हाच पकडतो. चाक कितीही जोरात फिरलं तरी इंजिन जागचं हलत नाही. पांदणीतून शंभर फूट ढकलून फक्त माणूस दमतो.

सेल मारल्यावर काय ऐकू येतं

काहीच आवाज नाही, मीटरचा दिवाही नाही: फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल. फ्यूज बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो. बॅटरी गाडीप्रमाणे सीटखाली, पायदानाखाली किंवा पुढच्या पॅनलमागे असते. फ्यूज उजेडात धरून आतली तार तुटली आहे का बघा. डबीत बहुतेक वेळा एक जादा फ्यूज असतो. तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदी पट्टी लावून काम भागवणं म्हणजे वायरिंग जाळायला परवानगी देणं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे, तिथे थांबा.

“टिक् टिक् टिक्” आवाज आणि दिवे मंद होतात: बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचलेली असेल तर आधी काळी वायर सोडा, मग लाल. कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, लाल आधी आणि काळी नंतर घट्ट बसवा, वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. साधा डिजिटल मल्टिमीटर प्रत्येक गावात एकाकडे तरी असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करायला हवी. सेल मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर चार्जिंगने फार दिवस भागणार नाही. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. तिथेही १२ च राहिले तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

बॅटरी पार मेलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीला सहसा किकही लागू पडत नाही. पंप, इंजेक्टर आणि ईसीयू तिन्ही विजेवर चालतात. कार्बोरेटरची गाडी बॅटरी बसली तरी बहुतेक वेळा किकने सुरू होते. जुनी गाडी काही बाबतीत सोयीची, ती अशी.

इंजिन नेहमीच्या जोरात फिरतं पण पकडत नाही: बॅटरी चांगली आहे. आता प्लग.

प्लग

प्लग हा या सगळ्या कामातला सगळ्यात खरा साक्षीदार. पेट्रोल आत पोचतं की नाही, ठिणगी पडते की नाही, पेट्रोल-हवेचं प्रमाण कसं आहे, या तिन्हीची उत्तरं तो एकटा देतो. म्हणून बाकी काही शिकला नाहीत तरी प्लग काढायला आणि वाचायला शिका.

इंजिन थंड होऊ द्या. बहुतेक स्कूटरमध्ये सीटखाली पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं, ते काढलं की प्लगची काळी रबरी टोपी दिसते. टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. पाना फिरवण्याआधी प्लगच्या भोवतीची धूळ फुंकून किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेने उडवा. नाहीतर तीच रेती सिलिंडरमध्ये पडते आणि आत जाऊन घासते. बऱ्याच गाड्यांना १६ मिमीचा प्लग पाना लागतो. गाडीच्या किटमध्ये तो असतो, फक्त तो किट डिकीच्या तळाशी बाजाराच्या पिशव्यांखाली दबलेला असतो.

आता दहा किका मारून झाल्यावर लगेच काढलेला प्लग हातात घेऊन नीट बघा.

टोक कोरडं असेल, पेट्रोलचा वासही नसेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. पुढचा पेट्रोलच्या वाटेचा भाग वाचा.

टोक ओलं असेल, पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर पेट्रोल येतं पण पेटत नाही. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल इतकं झालं की ठिणगी विझते.

टोक कोरडं पण काळ्या काजळीने मढलेलं असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अडकलेला असतो किंवा एअर फिल्टर चोंदलेला. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल वर चढतं, किंवा पेट्रोलमध्ये तेल मिसळलं गेलं आहे. फिकट पांढरं असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे इंजिन चांगलं जळतं आहे.

ठिणगी बघण्यासाठी प्लग परत टोपीत घाला, त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि टोपी कोरड्या फडक्याने धरा. चाबी चालू करून कोणाला तरी किक मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून ही जागा शक्य तितकी लांब निवडा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. सावलीत हे करा म्हणजे ठिणगी दिसते: निळी, जाड, “टच्” आवाज करणारी हवी. लालसर, बारीक, कधी पडणारी कधी न पडणारी असेल तर ती दाबाखाली पेट्रोल पेटवू शकत नाही. इंजेक्शनच्या गाडीत प्लग धातूला टेकवल्याशिवाय किक मारू नका. विजेला वाट मिळाली नाही तर ती ईसीयू किंवा कॉइलवर जाऊ शकते.

ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून तीच परीक्षा घ्या. अजूनही नसेल तर टोपी वायरवरून फिरवून काढा, वायरचं गंजलेलं टोक पाव इंच कापा आणि टोपी परत पिळून बसवा. यानंतरही ठिणगी नसेल तर ठिणगी तयार करणारे विजेचे भाग: कॉइल, पल्सर किंवा सीडीआय. ते मिस्त्रीचं काम.

प्लगमधली फट गाडीच्या पुस्तकात दिलेली असते; आताच्या बऱ्याच स्कूटरमध्ये ती ०.८ ते ०.९ मिमी असते. परत बसवताना प्लग आधी बोटांनीच फिरवा. आटे सरळ लागले की तो हाताने सहज आत जातो. अडला तर पाना लावू नका, काढून परत सरळ धरा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या कित्येक पट. हाताने टेकल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्याहून कमी. बस.

प्लग ओला आणि ठिणगीही चांगली, म्हणजे इंजिन पेट्रोलने भरलं आहे. चाबी बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच पाच-सहा किका मारा, आतलं पेट्रोल बाहेर पडेल. सांडलेलं पुसा, प्लग कोरडा करून बसवा. चोक बंद, मूठ पूर्ण पिळलेली, आणि सात-आठ किका. इंजेक्शनच्या गाडीतही एवढ्यापुरती मूठ पूर्ण पिळून पाच सेकंद सेल मारायला हरकत नाही.

हे सगळं करताना बिडी, चूल, चार्जिंगला लावलेली बॅटरी आसपास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. कोठ्यात किंवा सपरीत दरवाजा लावून तर हे काम मुळीच करू नका.

पेट्रोल अडतं कुठे (कार्बोरेटरची गाडी)

टाकीपासून सुरुवात करा. झाकण उघडताना “फुस्स” आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातलं किंवा टाकीच्या नळीतलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल थांबतं. अशी गाडी दोन-चार किलोमीटर नीट चालते, झटके मारत बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत सुरू होते. आपल्याकडे हे भोक धुळीने बुजतं, आणि कधी कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. बारीक तारेने मोकळं करा.

पुढे टाकीखालची तोटी. बऱ्याच स्कूटरमध्ये हाताची तोटी नसून व्हॅक्यूमवर चालणारी असते: इंजिन फिरताना जे ओढणं तयार होतं ते एका बारीक नळीतून तोटीतल्या रबरी पडद्याला ओढतं आणि तेव्हाच पेट्रोल सुटतं. इंजिन थांबलं की पेट्रोल बंद. म्हणून नुसती नळी काढून पेट्रोल पडत नाही म्हणून घाबरू नका. कार्बोरेटरकडचं पेट्रोलच्या नळीचं टोक काढून पारदर्शक बाटलीत सोडा आणि किक मारायला सांगा. प्रत्येक किकेला पेट्रोलचा ओघळ यायला हवा. येत नसेल तर बारकी व्हॅक्यूम नळी निघाली, चिरली किंवा उंदराने कुरतडली आहे का ते बघा. हीच व्हॅक्यूम नळी काढल्यावर तिच्यातून पेट्रोल टपकलं तर आतला पडदा फाटला आहे. ते पेट्रोल थेट इंजिनात जातं, गाडी काळा धूर टाकते आणि ॲव्हरेज कोसळतं. तोटीच बदलावी लागते.

टाकी पूर्ण कोरडी पडून मग पेट्रोल भरलं असेल तर लक्षात ठेवा: कार्बोरेटरची वाटी भरायला या तोटीच्या गाडीला पंधरा-वीस किका सहज लागतात. पाच किकांत हताश होऊन लोक खोलायला लागतात.

पेट्रोल बाटलीत नीट येतं पण प्लग तरीही कोरडा, म्हणजे अडचण कार्बोरेटरच्या आत. खोलण्याआधी वाटीवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करा. फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी सुई जागेवर चिकटलेली असेल तर कित्येकदा एवढ्याने सुटते. उलट, खालच्या नळीतून पेट्रोल सतत ठिबकत असेल तर सुई उघडी राहिली आहे, तिथेही हाच उपाय आधी. मग वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून आतलं सगळं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. गाळ आणि पाणी तळाशी असतं, ते यातच निघून जातं. बऱ्याच गाड्या इथेच सुरू होतात आणि कार्बोरेटर खोलावा लागतच नाही.

पेट्रोल चांगलं आहे का

बाटलीत काढलेलं ते पेट्रोल पाच मिनिटं हलवू नका, मग उन्हाकडे धरून बघा. तळाशी वेगळी रेघ, बुडबुड्यांसारखे गोळे किंवा ढगाळ थर दिसला तर पाणी आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला धरतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरून जातं आणि जळूनही जातं. प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल पाण्यासोबत पेट्रोल सोडून तळाशी बसतं. तोटी आणि पंप पेट्रोल घेतात ते तळाजवळूनच. त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर पावसाळ्यात झाकणाचं रबर तपासा. २०२३ च्या आधीच्या, त्यातही जुन्या गाड्यांत इथेनॉलने रबरी नळ्या फुगल्या, मऊ पडल्या किंवा चिरल्या आहेत का ते वर्षातून एकदा बोटांनी दाबून बघा. नळी स्वस्त असते.

पंपावर पेट्रोलची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो देणं पंपावर बंधनकारक आहे. एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल मिनिट-दोन मिनिटांत उडून जातं, गडद तेलकट डाग मागे राहत नाही.

पण खेड्यात घोळ बहुतेक पंपानंतर होतो. दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळणारं पेट्रोल: बाटली धुतली, पाणी पुरतं निथळलं नाही, वरून पेट्रोल भरलं. डिझेलच्या कॅनमधून आणलेलं: तळाचं डिझेल सोबत आलं. आणि फवारणीच्या पंपासाठी किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळून ठेवलेलं पेट्रोल घाईत स्कुटीत ओतलं, तर निळा धूर, तेलकट प्लग, सुरू व्हायला त्रास. घरात दोन कॅन असतील तर मिसळलेल्या कॅनला लाल पट्टी बांधून ठेवा. नरसाळंही वेगळं. फवारणीच्या औषधाचं नरसाळं टाकीत घालू नका.

थोडं डिझेल किंवा टू-टी गेलं असेल तर टाकी चांगल्या पेट्रोलने भरून चालवली की निभतं. पाणी असेल तर टाकी रिकामी करणं हाच मार्ग. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर दवाखान्याची पाळी येते.

इंजेक्शनची गाडी

चाबी चालू केल्यावर “हुंऽऽ” आवाज येत नसेल तर फ्यूज, बॅटरी, पंपाचा कनेक्टर, या क्रमाने बघा. कनेक्टर काढून परत दाबून बसवल्याने कित्येकदा काम होतं, कारण आत धूळ किंवा दमट हिरवट थर असतो. पेट्रोलची नळी मात्र ओढू नका. तिच्यात साधारण ३ बार दाब असतो. सुटली तर फवारा थेट गरम इंजिनावर.

पिवळा दिवा विझत नसेल किंवा ठरावीक तालात लुकलुकत असेल तर ती गाडीची खूण आहे. किती लांब, किती छोट्या लुकलुकी, ते मोजा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. मिस्त्रीला तोच दाखवला की कोणता सेन्सर ते त्याला समजतं.

आणि टाकी सतत तळाशी ठेवून चालवू नका. पंप टाकीत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलानेच थंड राहतो. पन्नास-शंभराचं पेट्रोल टाकत राहायची सवय असेल तर पंपावर त्याचा भार येतो.

आता कार्बोरेटर

इथपर्यंतचं सगळं करूनही प्लग कोरडाच, किंवा गाडी चोकवरच चालते आणि चोक काढला की बंद पडते, तेव्हाच खोला. हे दुसरं लक्षण बारक्या जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याचं) आहे.

जमिनीवर स्वच्छ पांढरं कापड अंथरा, काढाल ते ओळीने ठेवा, प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो घ्या. वाटीचे तीन-चार स्क्रू काढताना पेचकस खाचेत पूर्ण बसणारा आणि जोर देऊन दाबलेला हवा. पितळी-मऊ डोकी लगेच झिजतात. वाटी निघाली की फ्लोट, त्याखाली सुई, आणि मधे दोन जेट: मोठा मेन जेट, शेजारी खोलात बारका स्लो जेट. स्लो जेट काढून आभाळाकडे धरा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उजेडाचा स्पष्ट गोल टिपका दिसला पाहिजे. अर्धाच दिसला, किंवा तपकिरी चिकट पडदा दिसला, तर तुमचा चोर हाच. कार्बोरेटर क्लीनर फवारून दहा मिनिटं ठेवा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारा. तार किंवा टाचणी घालू नका. भोक वाढलं की गाडी कायमची पेट्रोल पिते. हवा मारताना चष्मा लावा.

बाजूचा मिश्रणाचा स्क्रू काढायचा असेल तर आधी तो हळू आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहा. बसवताना तेवढेच बाहेर. वरच्या झाकणाखालच्या रबरी पडद्यावर क्लीनर मारू नका, तो फुगतो. वाटीचं रबरी कडं पेट्रोलने वाढून खाचेत बसेनासं झालं तर ओढाताण करू नका. सावलीत अर्धा तास वाळू द्या, आखडून परत बसतं.

ऋतूंप्रमाणे कुठे बघायचं

मे महिन्यात, नवतप्यात, टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काही दिवसांत उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. आठवडाभर गाडी लागणार नसेल तर वाटी आधीच रिकामी करा. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोल उन्हाने फुगतं. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी असेल तर बंद पडल्या क्षणीच ठिणगी बघा. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल थंडपणी तपासून सापडत नाही.

पावसाळ्यात नाल्यात इंजिन बुडून गाडी बंद पडली तर सेल किंवा किक मारू नका. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून सावकाश किक मारून पाणी काढा, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाची निचऱ्याची नळी उघडा, इंजिन ऑइल बघा. दुधी झालं असेल तर बदलल्याशिवाय चालवू नका.

सोयाबीन आणि तूर निघायच्या दिवसांत कुटाराची धूळ आणि पऱ्हाटीचा तंतू एअर फिल्टर भरून टाकतो. पांदणीने रोज जाणाऱ्याने फिल्टर पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यातच बदलावा. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. तेल गेलं की धूळ अडत नाही. कुटाराच्या ढिगाजवळ गाडी ठेवत असाल तर उंदीर पॅनलखाली घर करतात. सुरू न होणाऱ्या गाडीच्या पॅनलखाली टॉर्च मारून कुरतडलेली वायर आधी शोधा.

थंडीत, गोंदियासारख्या ठिकाणी पारा खाली जातो तेव्हा, उन्हाळ्यात आतून झिजलेली बॅटरी सकाळी उघडी पडते. पहाटे सेलऐवजी पहिली सुरुवात किकने करा.

मिस्त्रीकडे केव्हा

पेट्रोल येतं, ठिणगी निळी आहे, तरीही सुरू नाही, तर प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट ठेवून, चाबी बंद करून किक मारा. अंगठा जोरात उडायला हवा. हवा नुसती फुसफुसली तर दाब गेला: व्हॉल्व्ह फार घट्ट झालेत, नाहीतर रिंगा झिजल्या. व्हॉल्व्हची फट बसवायला मिस्त्रीला फार वेळ लागत नाही, म्हणून आधी तेच करून घ्या, थेट इंजिन कामाला होकार देऊ नका. त्याला नुसतं “सुरू होत नाही” सांगू नका. प्लग ओला होता की कोरडा, ठिणगीचा रंग, बिघाड थंड गाडीत होतो की गरम, शेवटचं पेट्रोल कुठून घेतलं, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय खोललं, हे पाच मुद्दे कागदावर लिहून गाडीसोबत द्या. काढलेला जुना प्लग फेकू नका, तोही सोबत न्या.